माप न घेता बांधलेली खोली

पोंभुर्णा,
२८ जून

आदरणीय धनराजभाऊंना आणि गुणाबाई वहिनींना हरिदासचा जय भीम.

भाऊ, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आता तुम्हाला बांधावरचा माणूस बैलापासून वेगळा ओळखू येतो, हे रोशनीकडून कळलं. आनंद वाटला. काळा चष्मा महिनाभर काढू नका. धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले असतील तर बांधावर खुर्ची टाकून बसा आणि नुसतं पाहा. चिखलात उतरायची घाई नको. गुडघ्यांचं काय म्हणणं आहे? म्हैस व्याली का? आम्ही दोघं इथे बरे आहोत. म्हणजे आता बरे आहोत. मे महिन्यातले काही दिवस बरे होतो असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि तीच हकीकत कळवायला हे पत्र लिहायला घेतलं आहे. फोन केला असता, पण तुमच्या गावात नेटवर्क फक्त चिंचेखाली येतं आणि तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून बोलता. त्यामुळे आपलं बोलणं आधी सगळ्या चिंचेखालच्या मंडळींना कळतं आणि मग तुम्हाला. (वहिनी, भाऊंना अजून बारीक अक्षर वाचायची मनाई आहे, तेव्हा पत्र तुम्हीच वाचून दाखवणार हे मी धरून चाललो आहे. कंसातला मजकूर तुमच्यापुरता समजा. तिथे आलात की थोडं खोकायचं आणि पुढे जायचं.)

तर गोष्ट अशी. ऊर्जानगरला वीज केंद्रात मी एकतीस वर्षं काढली. तुमच्याकडचे सगळे मला पॉवर हाऊसवाले जावई म्हणतात, आणि माझा असा अंदाज आहे की मी तिथे बॉयलरच्या पोटात शिरून काहीतरी दुरुस्त करत असेन अशी त्यांची समजूत आहे. ती समजूत मी कधी मोडली नाही. खरं म्हणजे मी स्टोअरमध्ये कारकून होतो. सकाळी खिडकीतून पाने, पकडी, छन्न्या, ड्रिलमशिनी द्यायच्या, रजिस्टरवर सही घ्यायची, आणि संध्याकाळी सगळं मोजून परत घ्यायचं. माझ्या हातातून गेलं नाही असं हत्यार नाही, आणि माझ्या हातात पाच मिनिटं टिकलं असंही एक नाही. पण इतकी वर्षं माणूस हत्यारांच्या संगतीत राहिला की त्याला वाटायला लागतं, आपल्यालाही येतं. माझं तसं झालं होतं, आणि निवृत्तीनंतर दोन वर्षं ते माझ्यात नुसतं साठत होतं.

तुमच्या बहिणीचं, रुखमाचं शिवणकाम तुम्हाला ठाऊक आहे. क्वार्टरमध्ये होतो तेव्हा तिची मशीन मागच्या गॅलरीत होती, इथे स्वतःच्या घरात आलो तर ती स्वयंपाकघर आणि मागचं दार यांच्यामधल्या बोळात गेली. बोळ म्हणजे खरोखर बोळ. मी आडवा झोपलो तर पाय दुमडावे लागतील. एका बाजूला मशीन, एका बाजूला कापडाची गाठोडी, मधून भांडी घासायला जायची वाट. यंदा तिच्या बचत गटाला शाळेच्या गणवेशाचं काम मिळालं, ऐंशी जोड. गटाचं हे पहिलंच मोठं काम. वेळेत नाही झालं तर पुढच्या वर्षी ते बाहेरच्या शिलाईवाल्याकडे जाईल, हे अध्यक्षबाईंनी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. त्यातच गटाने दहा दिवसांचं शिवणयंत्राचं प्रशिक्षण ठरवलं, चंद्रपूरला. रुखमा रोशनीकडे राहून ते करणार होती. जाताना तिनं मला दोनच गोष्टी सांगितल्या, दुधाला वेळेवर विरजण लावा आणि कापडाच्या गाठोड्यांना हात लावू नका. रोशनीने मात्र फोनवर तिसरी सांगितली. "बाबा, आई किती वर्षं बोळात बसून राह्यली, तिले एक खोली करून द्या ना."

हे वाक्य मला लागलं, भाऊ. घरात समोरची खोली नुसती पडून होती. तिच्यात धानाची पोती, मोडका कूलर, राजदीपची लहानपणची सायकल आणि माझी निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल एवढाच संसार. (राजदीप सुरतेला आहे, बरा आहे, लग्नाचं विचारलं की रेंज जाते.) मी ठरवलं, रुखमा परत येईपर्यंत ही खोली तिच्यासाठी नवी करायची. तिला काही कळू द्यायचं नाही. दार उघडेल आणि तिथेच थबकेल. तिच्या डोळ्यांत पाणी येईल इथपर्यंतचं सगळं मी तिची बस सुटायच्या आधीच मनात पाहून घेतलं होतं.

मे महिन्यात आपल्या भागात मिस्त्री मिळत नाही हे मात्र मी विसरलो. सगळा गाव विडीच्या पानासाठी जंगलात, तेंदूपत्त्यावर. इतवारी मिस्त्रीच्या घरी गेलो तर तो पहाटेच पान तोडायला गेलेला. दुपारी भेटला तेव्हा अंगणात सावलीला बसून पानांचे पुडके बांधत होता. म्हणाला, पान सरलं की येतो. ते सरणार दोन आठवड्यांनी. म्हणून मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. त्यांतला माणूस पांढऱ्या शर्टात अकरा मिनिटांत खोलीभर फरशी बसवतो आणि शेवटी त्याचा शर्ट पांढराच राहतो. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

कामाला सुरुवात केली ती रंगापासून. (हेही चूक. रंग शेवटी द्यायचा असतो, हे मला फरशी कापताना भिंतींवर उडालेल्या लाल धुळीने शिकवलं.) दुकानातल्या पट्टीवर मी जो बदामी रंग पसंत केला तो भिंतीवर गेल्यावर सरळ खाकी दिसायला लागला. आमचे शेजारी नथ्थूभाऊ, वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले, स्वतःची प्लास्टिकची खुर्ची घेऊन रोज सकाळी माझ्या दारात येऊन बसत. तीस वर्षं त्यांनी जंगल राखलं, आता मला राखतात. ते भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, आमच्या वर्दीचा होता हुबेहूब हाच, फार टिकाऊ. रुखमाच्या डोळ्यांत यायचं पाणी आधी नथ्थूभाऊंच्या डोळ्यांत आलं.

मग फरशी. आमच्याकडे पारा शेहेचाळीसवर होता. त्या उन्हात सिमेंट कालवायचं म्हणजे ते थापीवर असतानाच दगड होतं. म्हणून मी पहाटे पाचला उठून काम करत असे. तिसऱ्या दिवशी अर्धी खोली झाली आणि मी हात धुवायला मागे गेलो. समोरचं दार उघडं होतं. एवढ्यात वानरांची टोळी छपराच्या कवेलूंवरून उतरली आणि तिच्यातली एक मादी, पोटाशी पिल्लू धरून, सावकाश आत आली. तिनं खोलीभर फिरून पाहणी केली आणि सावलीतली एक ओली टाइल निवडून तिच्यावर बसली. मी ओरडत आलो. ती शांतपणे उठली, पण उठताना टाइल एका बाजूने खचली, आणि ती सरळ करायच्या नादात मी तिच्या शेजारच्या चार वाकड्या केल्या. आता त्या खोलीत पाणी ओतलं तर ते दाराकडे जात नाही, कोपऱ्यात जाऊन जमतं. नथ्थूभाऊंचं म्हणणं, उन्हाळ्यात पाखरांची सोय झाली.

यानंतर खिडकी. खिडकी लहान होती, रस्त्याच्या बाजूला. शाळेत शिकवलेलं माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे की उजेड डावीकडून यावा. म्हणून टेबल असं मांडायचं ठरवलं की खिडकी डाव्या हाताला येईल, आणि छन्नी-हातोडा घेऊन ती खिडकी मी दुप्पट केली. फोडली खालच्या बाजूने, हे नशीब. वरची बीम फोडली असती तर हे पत्र रोशनीला लिहावं लागलं असतं. टेबल केलं जुन्या सागवानी दाराचं. त्याला पाय ठोकले आणि उंची ठरवायला मी समोर उभा राहिलो, कंबरेपाशी खूण केली, झालं.

शेवटी भिंतीवर फळी ठोकायची होती, धाग्यांची रिळं ठेवायला. ड्रिलमशीन भाड्याने आणली. तिला हातात घेताना मला सही करावीशी वाटली, इतकी सवय. पहिल्याच भोकाला भिंतीतून निळी ठिणगी आली, मोठा आवाज झाला, आणि नुसतं आमचंच नाही, खांबावरचा फ्यूज उडून सगळ्या गल्लीची लाइट गेली. भर दुपारी, पंधरा कूलर एकदम बंद. एकेका दारातून माणसं बाहेर आली आणि सगळी माझ्या नव्या मोठ्या खिडकीपाशी उभी राहिली. एकतीस वर्षं मी राज्याला वीज पुरवणाऱ्या खात्यात होतो, आणि एका भोकात मी पंधरा घरांची घालवली. लाइनमन संध्याकाळी आला. त्यानं विचारलं, साहेब तुम्ही कुठं होते नोकरीला? मी सांगितलं, बँकेत. (वहिनी, इथे मोठ्याने खोका.)

पण दहाव्या दिवशी खोली उभी होती. धान मागे गेलं, सायकल माळ्यावर गेली, मशीन मी आणि नथ्थूभाऊंनी उचलून आत आणली, खिडकीला पडदा नाही म्हणून उजेड भरपूर. माझ्या हाताला चार फोड होते आणि मी सुखी होतो. रुखमा बसमधून उतरली, घरात आली, उंबऱ्यात थांबली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. ती भिंती, फरशी, टेबल, खिडकी असं एकेक पाहत गेली. मग म्हणाली, "चांगलं झालं." आणि विचारलं, "विरजण लावलं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर मशीन पुन्हा बोळात. शेजारणीला हाताशी घेऊन तिनं ती परत नेली होती. विचारलं तर म्हणाली, रंगाचा वास येते, डोकं दुखते. बरं म्हटलं. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाली, फरशी अजून ओली हाय. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाली, चांगला दिवस पाहून बसतो. आता भाऊ, आपण मुहूर्त सोडून किती वर्षं झाली? मी म्हटलं, "आपण कधीपासून दिवस पाहून राह्यलो?" ती नुसती पायडल चालवत राहिली.

त्याच दुपारी अंगणवाडीतली रंजीता आली, तिच्या लग्नाच्या ब्लाउजचं माप द्यायला. ती नेहमीप्रमाणे मागच्या दाराने येत होती. मी तिला अडवलं, मोठ्या कौतुकाने पुढे आणलं, नवी खोली दाखवली, रुखमालाही हाक मारून बोलावलं. बाहेर नथ्थूभाऊ खुर्चीवर पेपर वाचत होते, त्यांच्याशेजारी आणखी दोघं बसलेले, रस्त्याने सायकली, मोटारसायकली. पोरगी खोलीच्या मधोमध उभी राहिली, खिडकीकडे पाहिलं, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "काकू, उद्या येतो मी." आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

त्या दिवशी जेवताना माझा तोल गेला. मी म्हटलं, दहा दिवस जीव काढला मी, हात फोडून घेतले, आणि तुले कदरच नाई. आणखीही बोललो, ते इथे लिहीत नाही. रुखमानं माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "जेवून घ्या." तेवढंच. भाऊ, भांडायला माणूस समोर हवं असतं. ती समोर होती आणि नव्हती. मी न जेवता उठलो. नव्या खोलीत बसावं तर खिडकीतून ऊन सरळ अंगावर येत होतं, म्हणून शेवटी बोळाच्या तोंडाशी, पाण्याच्या माठापाशी जमिनीवर जाऊन बसलो. रुसलेल्या माणसाला बसायला घरात फारशा जागा नसतात.

तिथे बसून मी काय करत होतो, तर पाहत होतो. दुसरं काही करायला नव्हतं. रुखमानं जमिनीवर पाट टाकला, त्याच्यावर निळं कापड पसरलं, खडूने रेघ ओढली आणि कात्री घेतली. डाव्या हातात. मला आधी वाटलं, उजवा हात दुखत असेल. पण ती सरसर कापत गेली, एक बाही, दुसरी बाही, वळणावर कापड फिरवून, डाव्या हाताने. मागच्या दाराचा उजेड तिच्या उजव्या बाजूने येत होता आणि रेघ स्वच्छ दिसत होती. तिच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी एक घट्टा आहे. तो मी अनेकदा पाहिला आहे. मला नेहमी वाटायचं, तो तव्याचा चटका असेल.

मी विचारलं, "तू डावरी हायस?"

तिनं कात्री थांबवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ही रडेल किंवा मारेल. ती हसायला लागली. इतकी हसली की पाटावरचं कापड सरकलं. मग डोळे पुसून म्हणाली, "तेहेतीस वर्षं झाले. माझ्या हातची भाकर खाल्ली, माझ्या हातचा शर्ट घालून ड्युटीवर गेले. कोणता हात होता, पाह्यलं नाई?"

मग ती सांगत गेली, कापत गेली. शाळेत मास्तरांनी छडी मारली म्हणून लिहिणं उजव्या हाताने शिकली. जेवणंही उजव्याच हाताने, कारण पंगतीत डावा हात पुढे केला की घरच्यांचा मार. फक्त कात्रीला कोणी पाहत नव्हतं, म्हणून कात्री डाव्या हातात राहिली. (वहिनी, मारणाऱ्यांत भाऊही होते असं ती म्हणाली. हे वाचायचं की खोकायचं ते मी तुमच्यावर सोडतो. मारल्यावर त्यांनी स्वतःच्या पत्रावळीतला लाडू तिला दिला होता, हेही तिनंच सांगितलं, आणि दोन्ही गोष्टी हसत सांगितल्या.)

मी केलेल्या खोलीत उजेड डावीकडून येतो. म्हणजे कात्री धरलेल्या हाताची सावली बरोबर रेघेवर पडते. टेबल माझ्या कंबरेला लागतं, म्हणजे तिच्या छातीला. त्यावर कापायचं तर तिला विटेवर उभं राहावं लागेल. खिडकी रस्त्यावर उघडते, आणि तिच्याकडे येणाऱ्या बाया मापं द्यायला येतात. हे सगळं तिला उंबऱ्यात उभी असतानाच दिसलं होतं, तरी ती चांगलं झालं म्हणाली. मी विचारलं, तेव्हाच काऊन नाई सांगितलं? म्हणाली, "तुमच्या हाताचे फोड पाह्यले. कसं सांगू?"

मी तिथेच बसून राहिलो. त्या दुपारी मागच्या दाराने तिघी आल्या. एकीला फाटलेलं पोलकं शिवून हवं होतं. दुसरीला काहीच नको होतं. ती नुसती गाठोड्यावर बसली, सासूबद्दल बोलली, एक ग्लास पाणी प्यायली आणि हलकी होऊन गेली. तिसरी मला पाहून दारातूनच परत जायला निघाली, तेव्हा रुखमानं तिला म्हटलं, ये, ते काही नाई करत, नुसते बसून हायेत. भाऊ, मी आणि रोशनी समजत होतो की ही बाई बोळात पडून आहे. तिथे तर तिचा दरबार भरतो. गल्लीतल्या बायांना नवऱ्याच्या, सासऱ्याच्या नजरेआडून जाता येईल असं एकच दार गावात आहे आणि ते आमच्या मागच्या बाजूला आहे. मी तिला तिथून उचलून नथ्थूभाऊंच्या खुर्चीसमोर आणून बसवत होतो, आणि वर कदर मागत होतो.

संध्याकाळी मी तिला विचारलं, तुले मग काय पायजे होतं? हा प्रश्न दहा दिवस आधी विचारला असता तर पंधरा घरांचे कूलर चालू राहिले असते. तिनं खडू खाली ठेवला आणि बोळभर नजर फिरवली. हे तिला आजवर कोणी विचारलेलं नव्हतं. मग म्हणाली, पाठ टेकाले खुर्ची पायजे, स्टुलावर कंबर मोडते. सुईवर एक बल्ब. बोळाले पडदा, माप घेतानी ओढाले. आणि मागचं दार पावसाळ्यात फुगते, ते रंधा मारून द्या. बस. एवढंच.

मी वही आणली, टेप आणली. तिनं टेप माझ्या हातातून काढून घेतली. "तुम्ही लिवा, माप मी सांगतो." आयुष्यभर तिनं माणसाला समोर उभं करून, हात वर करा, वळा, श्वास सोडा असं म्हणत मापं घेतली आणि मगच कापडाला कात्री लावली. आणि मी माणूस घरात नसताना खोली शिवायला बसलो होतो. ती स्टुलावर बसली, पाय पायडलवर ठेवले, आणि जमिनीपासून ढोपर, ढोपरापासून कोपर असं एकेक माप मला सांगितलं. तिच्या कोपराची उंची मी पहिल्यांदा ऐकली. सव्वीस इंच, बसल्यावर.

दार मी रंधलं नाही, घाबरू नका. तोवर तेंदूपत्ता सरला होता आणि इतवारी आला होता. त्यानं आधी समोरची खोली पाहिली. फरशीवर वाकला, कोपऱ्यात बोट फिरवलं, खिडकीच्या चौकटीत हात घालून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "भाऊ, कोण्या मिस्त्रीनं केलं? नाव सांगा त्याचं, त्याले गावात काम नाई भेटलं पायजे." मी म्हटलं, बाहेरचा होता, गेला.

बोळाचं काम दोन दिवसांत झालं. खुर्चीचे पाय इतवारीने मापाने कापले, पडद्याचं कापड रुखमाच्याच गाठोड्यातलं. रंजीता मागच्या दाराने आली, माप देऊन गेली, तिचं लग्नही झालं. खोली-बोळाच्या या घोळात चार-पाच दिवस मात्र वाया गेले होते आणि ऐंशी जोडांचं काम मागे पडलं होतं. गटातल्या बाया धास्तावल्या. तेव्हा समोरच्या खोलीचा प्रश्न आपोआप सुटला. उजेड डावीकडून, टेबल माझ्या कंबरेला, खिडकीतून रस्ता आणि नथ्थूभाऊ. ती खोली मी दहा दिवस घाम गाळून बरोबर माझ्याच मापाची केली होती. रुखमानं मला तिथे बसवलं आणि समोर शर्टांचा ढीग ठेवला. काज ती आणि गटातल्या बाया करायच्या, गुंड्या मी लावायच्या. पहिल्या दिवशी मी नऊ शर्टांच्या गुंड्या उलट्या पट्टीवर लावल्या. तिनं त्या उसवून दिल्या. दुसऱ्या दिवसापासून जमायला लागलं. नथ्थूभाऊंनाही मी सुईत दोरा ओवायला बसवलं. त्यांची दूरची नजर वाघाची आहे, जवळची काही खरी नाही, पण हट्टाने ओवतात. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी ऐंशी जोड इस्त्री होऊन पोचले. परवा सकाळी पोरं निळे शर्ट घालून त्या मोठ्या खिडकीसमोरून गेली, आणि मी प्रत्येकाच्या गुंड्या पाहत उभा होतो. एकाची वरची गुंडी लोंबत होती. त्याला हाक मारून घट्ट करून दिली.

बाकी विशेष नाही. वहिनींना नमस्कार, म्हशीची काळजी घ्या.

तुमचा, एकदा चुकीचा शिवलेला पण उसवून पुन्हा घालता येण्याजोगा,
हरिदास

ता.क. वर मी फार शहाण्यासारखं लिहिलं आहे, म्हणून हेही कळवतो. डाव्या हाताने कापणाऱ्यांसाठी वेगळी कात्री मिळते असं रोशनीकडून कळलं. मी तिच्याकडून गुपचूप मागवून घेतली आणि रुखमाच्या मशीनवर ठेवून दिली. तिच्या हाताला चाळीस वर्षांची सवय आपल्या साध्या कात्रीची. नव्या कात्रीने तिनं पहिलंच कापड तिरकं कापलं. कात्री आता माझ्याकडे आहे. मी त्या कात्रीने दोरे तोडतो, उजव्या हाताने, फार अवघड जातं.

ता.क. दुसरा. भाऊ, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते इथे लिहितो, वर कुठे जमलं नाही. तुम्ही रुखमाजवळ अठरा वर्षं राहिलात. डाव्या हाताचं तुम्हाला माहीत होतं, मला नव्हतं. आणखी काय काय मला माहीत नसेल, या विचाराने मी हल्ली अस्वस्थ असतो. तिला विचारलं तर ती काही नाई म्हणते. तेव्हा तुम्हाला आठवेल तसं, तिला काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, काय व्हायचं होतं, ते सगळं वहिनींकडून एका कागदावर लिहवून घ्या आणि मला पाठवा. पत्र माझ्या नावाने टाका. तिला कळू देऊ नका.

दादा, जय भीम. यांनी पाकीट चिकटवाले माझ्याजवळ देल्लं, म्हणून वाचलं. तुम्ही यादी बिदी काही पाठवू नका. तुम्हाले तरी कुठी माहीत हाय? तुम्ही तरी कधी विचारलं होतं? आता हे विचारून राह्यले तर विचारू द्या, हळूहळू. मागच्या बुधवारी जेवतानी म्हणाले, रुखमा, तुले कारल्याची भाजी आवडते का? तेहेतीस वर्षं दर बुधवारी बाजारातून कारले आणून राह्यले. मी म्हटलं, सांगतो. अजून सांगितलं नाई. रोज पुसतेत, मले बरं वाटते. — रुखमा